हाताला अवजार, कामाला गिऱ्हाईक

चंद्रपूर जिल्ह्यातील वरोरा हे गाव नागपूर-चंद्रपूर रस्त्यावर वसलेले आहे. १९५१ नंतरच्या पहिल्या काही वर्षांत या गावच्या बाजारात एक विलक्षण पेच निर्माण झाला. गावाबाहेरच्या खडकाळ, झुडपी माळावर राहणाऱ्या काही माणसांनी विहिरी खोदल्या, दगडधोंडे वेचून वाफे तयार केले आणि स्वतःच्या गरजेहून अधिक भाजीपाला पिकवला. माल विक्रीस आला; पण गिऱ्हाईक फिरकेना. तो पिकवणारे हात कुष्ठरुग्णांचे होते, एवढे कारण पुरेसे होते. अन्न, निवारा आणि औषध यांची सोय कोणी दयाळू मनुष्य लावू शकतो. परंतु बाजाराने पाठ फिरवली तर श्रमाला मोल उरत नाही, हा धडा आनंदवनाला असा अगदी प्रारंभीच मिळाला.

आनंदवनाचा हा संसार मांडणारे मुरलीधर देवीदास उपाख्य बाबा आमटे यांचा जन्म २६ डिसेंबर १९१४ रोजी हिंगणघाट येथे एका जमीनदार कुटुंबात झाला. कायद्याचे शिक्षण घेऊन त्यांनी वरोऱ्यास वकिली केली, तेथील नगरपालिकेचे उपाध्यक्षपद सांभाळले आणि सफाई कामगारांचे जिणे समजून घेण्यासाठी स्वतः डोक्यावरून मैला वाहिला. अशा निर्भय माणसाला एका पावसाळी रात्री रस्त्याकडेला पडलेल्या तुळशीराम नावाच्या कुष्ठरुग्णाला पाहून भयाने पळ काढावासा वाटला. त्या भयाची त्यांना स्वतःलाच लाज वाटली. ते परत फिरले आणि त्यांनी त्याची अखेरपर्यंत शुश्रूषा केली. पुढे १९४९ मध्ये महारोगी सेवा समितीची स्थापना झाली. कुष्ठरोगाच्या उपचाराचे शास्त्रीय शिक्षण बाबांनी कोलकात्याच्या उष्णकटिबंधीय वैद्यक संस्थेत घेतले. वर्ध्याजवळ दत्तपूर येथे मनोहरजी दिवाण यांनी १९३६ पासून चालविलेल्या कुष्ठधामाचा आदर्शही जवळच होता. जून १९५१ मध्ये विनोबाजींच्या हस्ते आनंदवनाचे उद्घाटन झाले. त्या वेळी सरकारकडून मिळालेली ५० एकर पडीक जमीन, पत्नी साधनाताई, दोन लहान मुलगे, सहा रुग्ण, एक लंगडी गाय आणि १४ रुपये एवढेच भांडवल हाती होते, असे सांगितले जाते.

हिशेबी दृष्टीने पाहता या भांडवलावर कोणत्याही पेढीने कर्ज दिले नसते. तरीही हा व्यवहार उभा राहिला. त्याचे श्रेय केवळ करुणेला देणे अपुरे ठरेल. करुणेच्या जोडीला तेथे दोन गोष्टी होत्या. एक, अपुऱ्या हाताला जुळेल असे अवजार. आणि दुसरी, त्या अवजाराने घडलेली वस्तू विकत घेणारे गिऱ्हाईक. दिव्यांग व्यक्तीच्या स्वावलंबनाचा विचार करताना पहिल्या गोष्टीची चर्चा पुष्कळ होते. दुसरी बहुधा राहून जाते, आणि तीच व्यापारी समाजाच्या हातची आहे.

अवजाराचे महत्त्व कळण्यासाठी कुष्ठरोग शरीराचे काय करतो हे समजून घेतले पाहिजे. या रोगाने बोटे सडून गळून पडतात, ही समजूत चुकीची आहे. रोगाचे जंतू मज्जातंतूंवर आघात करतात आणि हातापायांची संवेदना नाहीशी होते. तापलेले भांडे हाताला लागले तरी चटका कळत नाही, खिळा तळव्यात रुतला तरी वेदना होत नाही. वेदना नसल्यामुळे जखमेकडे दुर्लक्ष होते, ती चिघळते, हाडापर्यंत जाते आणि वर्षानुवर्षे असे घडत राहिल्यावर बोटे आखूड होतात. स्नायूंचे बळ गेल्यामुळे बोटे आत वळतात, पाऊल चालताना खाली लोंबते आणि डोळ्याची पापणी पुरती मिटत नाही. १९८० च्या दशकापासून वापरात आलेल्या बहुविध औषधोपचाराने हा रोग पूर्ण बरा होतो, परंतु आधी झालेली मज्जातंतूंची हानी बहुधा भरून येत नाही. म्हणजे रोगी रोगमुक्त होतो आणि उरलेले आयुष्य दिव्यांग म्हणून काढतो. पूर्व विदर्भाच्या वनप्रदेशात हा प्रश्न आजही पुरता इतिहासजमा झालेला नाही.

अशा हातापायांसाठी लागणारे तंत्रज्ञान दिसायला अगदी साधे असते. विळ्याची किंवा खुरप्याची मूठ जाड करून तिच्यावर कापड वा रबर गुंडाळले की वळलेल्या बोटांनाही ती धरता येते आणि तळहातावर एकाच जागी दाब येत नाही. पकड मुळीच नसेल तर अवजार पट्ट्याने तळहाताला बांधता येते. बधिर पायांसाठी मऊ, सूक्ष्म छिद्रांच्या रबराची खास पादत्राणे असतात. त्यांना खिळे मारत नाहीत, कारण वर आलेला खिळा पायाला कळणार नाही. ती शिवलेली किंवा चिकटवलेली असतात. टाचेमागे पट्टा असतो आणि बंद असे असतात की आखूड बोटांनीही लावता यावेत. या साधनांच्या जोडीला रोजचा एक नेम लागतो. सायंकाळी हातपाय पाण्यात भिजवायचे, तेल लावायचे आणि कोठे फोड किंवा ओरखडा आहे का, हे डोळ्यांनी तपासायचे. त्वचा जे सांगत नाही ते डोळ्यांनी पाहून घ्यायचे, असा हा नेम आहे. पादत्राणे देणे एक दिवसाचे काम असते, पण हा नेम अंगवळणी पडेपर्यंत सोबत राहणारा माणूस मिळणे कठीण. साधन आणि शुश्रूषा ही दोन्ही एकमेकांवाचून अपुरी आहेत, ती यामुळेच.

मात्र साधन आणि शुश्रूषा दोन्ही मिळूनही पुरत नाहीत, याचा दाखला तामिळनाडूतील वेल्लोर येथे मिळाला. डॉ. पॉल ब्रँड यांनी १९४० च्या दशकाच्या अखेरीस तेथे कुष्ठरुग्णांच्या वळलेल्या हातांवर शस्त्रक्रिया करण्यास आरंभ केला. शाबूत असलेल्या स्नायूचा कंडरा दुसरीकडे जोडून बोटे पुन्हा उघडमीट करू लागली. वैद्यकशास्त्राचा तो मोठा विजय होता. पण काही रुग्ण परत आले ते तक्रार घेऊन. पूर्वी वाकडा हात पुढे केला की भीक मिळत असे. आता हात सुधारला, भीक आटली; आणि कुष्ठरोगी म्हणून काम तर कोणीच देईना. सुधारलेल्या हाताने त्यांचे उत्पन्न घटवले होते. मग ब्रँड यांनी रुग्णालयाच्या परिसरात अशा रुग्णांना सुतारकामासारखे व्यवसाय शिकविण्याची सोय केली. हात दुरुस्त करणारा शल्यविशारद त्या हाताला धंदा मिळवून देण्याच्या खटपटीला लागला, कारण त्यावाचून त्याची शस्त्रक्रिया निष्फळ ठरत होती.

बाबा आमटे यांची भूमिका तीच होती. दानाने माणूस खचतो आणि कामाने घडतो, असे ते आयुष्यभर सांगत राहिले. म्हणूनच वरोऱ्याच्या बाजारातील बहिष्कार त्यांना इतका महत्त्वाचा वाटला. तो सुटला तोही कोणाच्या उपदेशाने नव्हे. सर्व्हिस सिव्हिल इंटरनॅशनल या संस्थेचे निरनिराळ्या देशांतील तरुण स्वयंसेवक आनंदवनात राहायला आले. त्यांनी रुग्णांबरोबर दगडमाती वाहिली, दवाखान्याच्या इमारती उभारल्या आणि त्यांच्याच पंक्तीला बसून तेथे पिकलेले अन्न खाल्ले. परदेशातील धडधाकट मुले महिनोन्महिने असे राहून सुखरूप आहेत, हे गावाने पाहिले आणि भीती हळूहळू ओसरली. त्यानंतर आनंदवनाचा माल वरोऱ्यात खपू लागला. १९६४ मध्ये तर व्यवहाराची दिशाच बदलली. आनंदवनाच्या भूमीवर आनंद निकेतन महाविद्यालय सुरू झाले आणि ज्या गावाने एकेकाळी तेथील भाजी नाकारली होती, त्याच गावाची मुले शिक्षणासाठी आनंदवनात येऊ लागली.

पुढे आनंदवनाचे दार कुष्ठरुग्णांपुरते मर्यादित राहिले नाही. अंध आणि मूकबधिर मुलांसाठी शाळा निघाल्या. अस्थिव्यंग असलेल्यांना धंदेशिक्षण देणारे संधी निकेतन उभे राहिले. हातमाग, सुतारकाम, धातुकाम, छपाई, पादत्राणे असे उद्योग वाढले. या सर्व कार्यशाळांमागचे सूत्र कोणाही कारखानदाराला पटेल असे आहे. एका वस्तूच्या निर्मितीची निरनिराळी कामे करायची आणि प्रत्येक काम ते करू शकणाऱ्या अवयवाकडे सोपवायचे. ज्याचे पाय अधू पण हात चपळ, त्याने सूत गुंडाळावे. ज्याचे पाय बळकट, त्याने माग चालवावा. ज्याला ऐकू येत नाही, त्याला यंत्राच्या आवाजाचा त्रास नाही. कोणात काय उणे आहे याची यादी रुग्णालयात होते. कार्यशाळेत यादी करायची ती काय शिल्लक आहे याची. बाबांचे चिरंजीव डॉ. विकास आमटे यांनी २००२ मध्ये उभारलेला ‘स्वरानंदवन’ हा वाद्यवृंदही याच सूत्रावर चालतो. त्यातील गायक, वादक आणि नर्तक दिव्यांग वा रोगमुक्त आहेत आणि प्रेक्षक तिकीट काढून त्यांची कला पाहतात. मूल तालुक्यातील जंगलाला लागून १९६७ मध्ये सुरू झालेल्या सोमनाथ प्रकल्पात तर रोगमुक्त माणसांनी मोठी शेती उभी केली. १९८५ मध्ये बाबांना रेमन मॅगसेसे पुरस्कार मिळाला, तेव्हा त्याच्या मानपत्रात कुष्ठरुग्णांच्या व इतर अपंगांच्या श्रमाधिष्ठित पुनर्वसनाचा उल्लेख होता.

आवश्यक निर्युक्तीतील आंधळ्या-पांगळ्याचा दृष्टांत जैन घरांत परिचित आहे. अरण्यात वणवा पेटतो. पांगळ्याला आग दिसते पण पळता येत नाही. आंधळ्याला पळता येते पण वाट दिसत नाही. वेगवेगळे राहिले तर दोघेही भस्म होणार. ते एकत्र येतात आणि नगरात सुखरूप पोहोचतात. ज्ञान आणि क्रिया यांची जोड हवी, हे सांगण्यासाठी शास्त्रकारांनी हा दृष्टांत योजला आहे. पण त्याच्या शब्दशः अर्थाकडेही क्षणभर पाहावे. त्या अरण्यात कोणी तिसरा धडधाकट दाता येत नाही, कोणी कोणावर उपकार करत नाही. दोघांनी आपापले भांडवल घालून केलेली ती सरळ भागीदारी आहे. आनंदवनात पाय नसलेल्याची तीनचाकी ढकलणारा अंध माणूस आणि त्याला वाट सांगणारा तीनचाकीतला माणूस ही जोडी याच भागीदारीचे रूप होय.

चंद्रपूरहून पुढे गडचिरोलीत शिरले की या प्रश्नाला आणखी एक पैलू जोडला जातो. २६ ऑगस्ट १९८२ रोजी चंद्रपूर जिल्ह्यातून वेगळा काढलेला हा जिल्हा बहुतांशी जंगलाने व्यापलेला आहे. त्याच्या दक्षिण भागात, भामरागडजवळ हेमलकसा येथे डिसेंबर १९७३ मध्ये बाबांनी लोकबिरादरी प्रकल्पाचा आरंभ केला आणि डॉ. प्रकाश व डॉ. मंदाकिनी आमटे या दांपत्याने माडिया गोंड समाजात राहून तो वाढविला. पावसाळ्यात नद्यांना पूर आला की हा भाग जगापासून तुटे आणि वीज तर अनेक वर्षे नव्हतीच. अस्वलाने फाडलेले चेहरे, झाडावरून पडून मोडलेली हाडे, भाजलेली मुले, मोतीबिंदूने गेलेली दृष्टी असे रुग्ण मैलोगणती चालत किंवा खाटेवर घालून तेथे आणले जात. वेळेवर बसवलेले हाड आणि वेळेवर काढलेला मोतीबिंदू यांमुळे एखादा माणूस आयुष्यभराच्या परावलंबनातून वाचतो. अपंगत्व टाळणे ही सेवेची पहिली पायरी आहे, हे हेमलकशाने दाखवून दिले. याच जिल्ह्यात डॉ. अभय व डॉ. राणी बंग यांच्या ‘सर्च’ संस्थेच्या शोधग्राम येथील रुग्णालयात मुंबईचे मणक्यांचे शल्यविशारद येऊन शस्त्रक्रिया करतात, त्यामागेही हाच विचार आहे. कष्टकरी माणसाचा कणा गेला की त्याच्या घराची मिळकत गेली.

जंगलातील दिव्यांग माणसासाठी साधन निवडताना जागेचा विचार आधी करावा लागतो. गुळगुळीत फरशीसाठी बनवलेली चाकांची खुर्ची पायवाटेच्या चिखलात रुतते आणि तिचा सुटा भाग मोडला तर तो तालुक्याच्या गावीही मिळत नाही. ज्याची दुरुस्ती गावातला सायकलवाला करू शकेल, तेच साधन तेथे उपयोगाचे. ‘जयपूर फूट’ची थोरवी नेमकी येथे कळते. १९६८ च्या सुमारास जयपूरमध्ये रामचंद्र शर्मा या कुशल कारागिराने आणि डॉ. प्रमोद करण सेठी या अस्थिशल्यविशारदाने मिळून ते पाऊल घडवले. परदेशी धर्तीचे कृत्रिम पाऊल बूट घालून खुर्चीवर बसणाऱ्या माणसासाठी होते. या दोघांनी उकिडवे बसणारा, मांडी घालणारा, अनवाणी चालणारा आणि भातखाचरात उतरणारा माणूस नजरेसमोर ठेवला. रबराचे हे पाऊल पाण्याने खराब होत नाही आणि उंचसखल जमिनीवर वळते. हे पाऊल सर्वदूर पोहोचविण्याचे कार्य मात्र संघटनेवाचून झाले नसते. भगवान महावीरांच्या २५०० व्या निर्वाण महोत्सवाच्या काळात, १९७५ मध्ये, देवेंद्र राज मेहता यांनी जयपूर येथे भगवान महावीर विकलांग सहायता समिती स्थापन केली. तेव्हापासून ही समिती देशविदेशांत शिबिरे घेऊन कृत्रिम पाय विनामूल्य बसवीत आली आहे. त्या कार्याला जैन समाजाने दिलेले बळ सर्वश्रुत आहे. परंतु पाय बसवून घरी परतलेल्या माणसाचे पुढे काय होते, हा प्रश्न शिबिराच्या मांडवाबाहेर सुरू होतो. तो चालू लागतो हे खरे. पण चालत जाण्यासाठी त्याला कामाचे ठिकाण हवे.

बाबा आमटे यांनाही स्वतःच्या देहावर हा अनुभव घ्यावा लागला. पाठीच्या कण्याच्या विकाराने त्यांना बसणे अशक्य झाले. ते उभे राहू शकत किंवा आडवे पडू शकत. १९८५ च्या डिसेंबरात कन्याकुमारीहून काश्मीरपर्यंत ‘भारत जोडो’ यात्रा निघाली, तेव्हा सत्तरी ओलांडलेले बाबा वाहनात खास बसवलेल्या बिछान्यावर पडून देश ओलांडून गेले. सायकलींवरील तरुण आणि बिछान्यावरील नायक अशी ती यात्रा होती. कोणाला त्यांची कीव करावी असे वाटले नाही, कारण त्यांच्या हातात काम होते आणि त्या कामाला जुळणारी सोय वाहनात केलेली होती.

आज साधनांची उणीव पूर्वीइतकी राहिलेली नाही. ऑस्ट्रेलियातील दोन अंध तरुणांनी २००६ मध्ये ‘एनव्हीडीए’ ही संगणकप्रणाली लिहावयास घेतली. संगणकाच्या पडद्यावरील मजकूर ती वाचून दाखवते आणि ती विनामूल्य मिळते. तिच्या आधारे अंध व्यक्ती पत्रव्यवहार, हिशेब आणि मालाच्या नोंदी करू शकते. चलनी नोटांवरही स्पर्शाने ओळखण्याच्या खुणा आहेत. १०० रुपयांच्या नोटेवर उठावाचा त्रिकोण आणि कडेला चार तिरप्या रेषा, तर ५०० च्या नोटेवर वर्तुळ आणि पाच रेषा असतात. नोट ओळखून सांगणारे ‘मनी’ हे मोबाईल ॲप रिझर्व्ह बँकेने जानेवारी २०२० मध्ये उपलब्ध केले असून ते इंटरनेटशिवायही चालते. २००८ मध्येच रिझर्व्ह बँकेने सर्व बँकांना बजावले होते की धनादेश पुस्तिका, लॉकर, एटीएम, कर्ज इत्यादी सेवा दृष्टिहीन ग्राहकांना भेदभावाविना द्याव्यात. दिव्यांगांच्या व्यवसायासाठी सवलतीच्या दराने कर्ज मिळावे म्हणून १९९७ मध्ये केंद्रीय पातळीवर स्वतंत्र वित्त महामंडळ स्थापन झाले आहे. दुकानातील गल्ल्यावर ठेवलेला आणि जमा झालेली रक्कम मोठ्याने सांगणारा ध्वनियंत्राचा छोटा डबा सर्वांच्या सोयीसाठी आला, पण अंध दुकानदाराला त्याने फसवणुकीच्या भयातून मोकळे केले.

कायदाही मागे राहिलेला नाही. १९९५ च्या कायद्यात अपंगत्वाचे सात प्रकार होते. २०१६ च्या दिव्यांग हक्क कायद्याने ते २१ केले, सरकारी नोकऱ्यांत ४ टक्के आरक्षण दिले आणि प्रत्येक आस्थापनेला समान संधीचे धोरण आखण्यास सांगितले. कुष्ठरुग्णांना कोंडून ठेवण्याची मुभा देणारा १८९८ चा कायदा २०१६ मध्ये रद्द झाला. जैनांनाही लागू असलेल्या १९५५ च्या हिंदू विवाह कायद्यात जोडीदाराचा कुष्ठरोग हे घटस्फोटाचे एक कारण होते. ते २०१९ मध्ये वगळण्यात आले. औषधाने पूर्ण बरा होणारा रोग संसार मोडण्यास पुरेसा आहे, असे कायदा त्या वर्षापर्यंत मानत होता. समाजाची नजर बदलण्यास किती काळ लागतो, याची कल्पना यावरून येईल.

आणि नजर बदलली नाही तर काय होते, ते आकड्यांत दिसते. २०११ च्या जनगणनेनुसार देशात २ कोटी ६८ लाख आणि महाराष्ट्रात २९ लाखांहून अधिक व्यक्ती दिव्यांग होत्या. त्यांपैकी देशभरात काम करणाऱ्यांचे प्रमाण सुमारे ३६ टक्के होते. उरलेल्यांत बालके आणि वृद्ध आहेत हे लक्षात घेतले, तरी काम करू शकणारी आणि काम न मिळालेली फार मोठी संख्या शिल्लक राहते.

यातील काही माणसे सुस्थित घरांतही आहेत. व्यापारी कुटुंबात जन्मलेल्या दिव्यांग मुलाला औषधपाणी, प्रेम आणि सेवा यांची वाण बहुधा पडत नाही. त्याच्या नावाने प्राप्तिकरातील वजावटही घेतली जाते. पण मोठा भाऊ आणि धाकटा भाऊ पेढीवर जातात, हा घरी राहतो. पाहुणे आले की तो आतल्या खोलीत असतो. बहिणीचे लग्न ठरेपर्यंत त्याचा उल्लेख टाळला जातो. दुकानाच्या गादीवर बसून तो दूरध्वनी घेऊ शकला असता, उधारीची यादी सांभाळू शकला असता, मालाची मागणी नोंदवू शकला असता. परंतु तसा विचारच कोणाच्या मनात येत नाही, कारण त्याची काळजी घेणे म्हणजे त्याला कामापासून दूर ठेवणे, असे घराने मानलेले असते. आईवडील आहेत तोवर हे निभावते. त्यांच्या पश्चात भावांच्या वाटणीत त्याच्या नावाने एक खोली आणि काही रक्कम लिहिली जाते आणि कमावता माणूस म्हणून जगण्याची संधी न मिळताच त्याचे आयुष्य सरते. या माणसाला कोणत्याही संस्थेच्या दानाची गरज नाही. त्याला आपल्याच दुकानात एक टेबल, त्याच्या हाताला जुळेल असे साधन आणि महिन्याच्या अखेरीस इतरांसारखा पगार हवा आहे.

कोल्हापूरच्या नसीमा हुरजूक यांचे उदाहरण या संदर्भात मनन करण्याजोगे आहे. ऐन तारुण्यात कमरेखालचा भाग लुळा पडल्यावर त्या चाकांच्या खुर्चीत आल्या. १९८४ मध्ये त्यांनी ‘हेल्पर्स ऑफ द हँडिकॅप्ड’ ही संस्था उभी केली आणि पुढे सिंधुदुर्ग जिल्ह्यात दिव्यांगांच्या हातून चालणारा काजू प्रक्रिया उद्योग उभारला. काजू विकत घेणारा माणूस त्याचा आकार, रंग आणि चव पाहतो. तो कोणी सोलला हे विचारत नाही. मालाने स्वतःचे मोल सिद्ध केले की करणाऱ्याच्या व्यंगाची चर्चा थांबते.

येथे एक सावधगिरी आवश्यक आहे. दयेपोटी एकदा घेतलेली सतरंजी माळ्यावर पडून राहते आणि तिला दुसरी मागणी येत नाही. अशी खरेदी हे दानाचेच दुसरे नाव. हातमागाचे कापड गिरणीच्या कापडाशी भावात टिकत नाही, हेही खरे आहे. आणि आनंदवनासारख्या संस्थांना रुग्णसेवेसाठी, वृद्ध रोगमुक्तांच्या सांभाळासाठी देणग्या लागतातच. दान अनावश्यक आहे, असा याचा अर्थ नव्हे. ज्याला काम करणे शक्यच नाही त्याला दान हवे. ज्याला शक्य आहे त्याला मागणी हवी, आणि ती मालाची चोख पारख करून, ठरलेल्या वेळी पैसे चुकते करून दिलेली हवी. प्रामाणिक तक्रारसुद्धा त्याच्या हिताचीच असते. शिवण उसवली असेल तर तसे सांगून माल परत करणारा गिऱ्हाईक कारागिराला बरोबरीचा मानतो.

व्यापारी कुटुंबांना हे सर्व अंगवळणी आहे. दुकानाची एक पायरी कमी करून उतार बांधणे, दिवाळीच्या भेटी, पिशव्या, छपाई यांची नियमित मागणी दिव्यांगांच्या कार्यशाळेकडे नोंदवणे, हिशेबाच्या खोलीत एका अंध किंवा मूकबधिर पदवीधराला सहा महिने परीक्षाकाळावर घेऊन पाहणे, यांसाठी ट्रस्ट किंवा समारंभ लागत नाही. घरातील दिव्यांग मुलाला येत्या सोमवारी पेढीवर नेण्यासाठी तर कोणाची परवानगीही लागत नाही. पहिले काही दिवस त्याच्याकडून चुका होतील, गिऱ्हाईक वळून पाहतील, भाऊ अस्वस्थ होतील. महिना उलटल्यावर त्याच्या हातात पगाराचे पाकीट द्यावे, त्याची रक्कम दुकानाच्या खर्चात पगार म्हणूनच लिहावी आणि ती त्याने कशी खर्च करावी हे त्याच्यावर सोपवावे.